'भावनेचा बाजार' म्हणणाऱ्या वाचकास

'सारासार' या टोपणनावाने लिहिणाऱ्या वाचकास,

1971 च्या भारत-पाक युद्धात बेपत्ता झालेले वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: 'पन्नास वर्षं उलटली, माणूस गेला. सुखोई पडल्यावर कोण वाचतो? ढाक्याच्या पेपरातलं चुकीचं छापलेलं नाव म्हणजे पुरावा नव्हे. हा भावनेचा बाजार बंद करा.' पुढे सिमला करारावर चार मुद्दे.

पेपरचं आधी संपवतो. डिसेंबर 1971 मध्ये ढाक्याच्या पेपरात पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी आली आणि त्यात एक नाव 'टॉम्बे' असं होतं. एवढ्यावर कोर्टात केस उभी राहणार नाही, हे तुमचं मान्य. मी त्याला धागा म्हटलं होतं, पुरावा नव्हे. लेख परत वाचा.

आता 'बाजार'. मतभेदाचं मला काही वाटत नाही, या शब्दाचं वाटतं. लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण होतं? तांबेंच्या पत्नी दमयंती तांबे? बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा नवरा पाकिस्तानातल्या शोरकोट हवाई तळावरच्या हल्ल्यातून परतला नाही. त्यांनी पुढे दिल्लीला जेएनयूत क्रीडा विभागात नोकरी केली, आणि 2007 साली नातेवाइकांचं पथक पाकिस्तानातले तुरुंग बघायला गेलं, तेव्हा त्याही गेल्या. हाती काहीच न लागता परत आल्या. यात कुणी काय कमावलं, ते एकदा सांगाच.

आणि 'गेला' हे तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता? 1979 साली लोकसभेत परराष्ट्र राज्यमंत्र्यांनी पाकिस्तानच्या तुरुंगात असल्याचा समज असलेल्या 40 जणांची यादी ठेवली. सरकारनेच. बेपत्ता 54 भारतीय सैनिकांचा आकडाही आमच्या घरी बसून काढलेला नाही. पाकिस्तान 'आमच्याकडे कोणी नाही' म्हणतं, तेही मी लेखात लिहिलं होतं. पण मृतदेह नाही, कबर नाही, ओळखपत्र परत आलेलं नाही. अशा वेळी 'माहीत नाही' एवढंच म्हणता येतं. घरच्यांना तेवढंसुद्धा म्हणू द्यायचं नाही का?

माझे वडील हवाईदलात फिटर होते, युद्धाच्या त्या पंधरवड्यात एका तळावर ड्यूटीला. उड्डाणाआधी वैमानिक एफ-700 या वहीत सही करून विमान ताब्यात घेतो. परत आला की काही बिघाड असेल तर त्यात नोंदवतो. वडिलांनी सोडलेल्या एका विमानाचं ते परतीचं पान कोरंच राहिलं. ती वही बंद करून आत नेऊन ठेवायला लागली, पण म्हातारपणी विषय निघाला की वडील त्या वैमानिक मुलाबद्दल वर्तमानकाळात बोलायचे. 'तो डावखुरा आहे' म्हणायचे. आम्ही कधी सुधारलं नाही. हे मी लहानपणापासून घरात पाहिलं आहे, त्यामुळे 'भावना' हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलात तो मला लागला, आणि लागला हे मी लपवणार नाही. तुमच्या घरात युद्धाची झळ कधी पोचली की नाही, मला माहीत नाही. पोचली असती तर तुम्ही असं लिहिलं नसतंत, असं मला वाटतं.

सुखोई-7 एका इंजिनाचं, जमिनीलगत जाऊन मारा करणारं विमान होतं आणि खालून तोफांचा मारा बसला की विचार करायला क्षणही मिळत नसे, हे खरं. पण त्याच युद्धात दिलीप पारुळकरांचं सुखोई-7 पडलं. ते उडी मारून वाचले, कैद झाले, ऑगस्ट 1972 मध्ये दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या छावणीतून पळाले आणि अफगाण सरहद्दीपाशी पुन्हा सापडले. त्याच वर्षी मायदेशी आले. तुमचं 'कोण वाचतो' इथेच संपतं.

स्क्वाड्रन, विमानाचा पल्ला वगैरे बाबतीत तुम्ही काढलेल्या खोड्यांत मला शिरायचं नाही. सिमला करारावरचे मुद्देही तुम्ही दुसरीकडून उचललेले दिसतात. माझा प्रश्न वेगळा होता: पाकिस्तानचे 93 हजार युद्धकैदी आपल्या हातात असताना या 54 जणांचा हिशेब पक्का का करून घेतला नाही? त्यावर तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत एक ओळ नाही. ती लिहा, आणि शक्य तर स्वतःच्या नावाने लिहा. मग पुढे बोलू.