पुन्हा बोलावणे म्हणजे निदान नव्हे
मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीची, माहिती देणारा तुमचा लेख वाचला. तपासणीच्या दिवशी डिओडरंट लावू नये, हे लेखात आहे, परंतु कारण नाही: त्यातील ॲल्युमिनियमचे कण प्रतिमेत पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात आणि स्तनातील कॅल्शियमच्या कणांशी (जे कधीकधी कर्करोगाची खूण असतात) त्यांची गल्लत होऊ शकते. त्याहून खटकले ते आधीच्या मॅमोग्राफीच्या जुन्या फिल्म सोबत नेण्याचा उल्लेखच नसणे. ४६व्या वर्षी मी त्या घरी विसरले. यंत्राचा दाब काही सेकंदांचाच, तो सोसला, पण चार दिवसांनी ‘पुन्हा या’ असा फोन आला तेव्हा मी हातातली पिशवी टाकून जिन्यातच बसले. जादा प्रतिमा व सोनोग्राफी झाली, आणि जुन्या फिल्मशी ताडल्यावर त्या जागी ३ वर्षांपूर्वीही तशाच दाट ऊती होत्या, हे स्पष्ट झाले. पुन्हा बोलावलेल्या बहुतेक स्त्रियांना कर्करोग नसतो, हे वाक्य लेखाच्या आरंभीच हवे होते.