ते बटण ग्राहकाच्या हातात नव्हतं

"आयटीवाल्यांनी अपडेट आधी टेस्ट करायला नको का?" १९ जुलै २०२४ नंतर हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं असेल! सोळा वर्षं सिस्टीम ॲडमिन म्हणून, म्हणजे ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळायचं, काम करतोय, म्हणून ते मला लागतं.

त्या शुक्रवारी आपल्या वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या आधी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक छोटीशी फाइल जगभर पाठवली. सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. ७८ मिनिटांनी फाइल मागे घेतली, पण तोवर जे बसले ते बसलेच. इंडिगोच्या काउंटरवर पेनाने लिहून दिलेले बोर्डिंग पास आठवत असतील.

आता टेस्टिंगचं. आमच्याकडे कुठलाही पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, आला की तो आधी आयटी रूममधल्या दोन जुन्या डेस्कटॉपवर जातो. दोन दिवस ते चालू ठेवतो, टॅली उघडून बघतो, प्रिंट काढून बघतो. मग अकाउंट्सचे चार पीसी, मग बाकीचं ऑफिस. फाल्कनच्या ग्राहकांनाही एक-दोन व्हर्जन मागे राहायची सोय होती आणि अनेकांनी तसं सेटिंग लावलंही होतं. पण ही फाइल त्या सेटिंगला जुमानतच नव्हती. हल्ले ओळखण्याची माहिती म्हणून ती कंपनीकडून थेट यायची, सगळ्यांना एकदम. ॲडमिनने थांबवायची कुठून?

चूक काय होती? फाइलचा साचा २१ रकान्यांचा, आणि फाल्कनचा कोड माहिती पुरवत होता २० रकान्यांचीच. एकविसावा वाचायला गेल्यावर नसलेल्या जागी हात पडला. साधा प्रोग्रॅम असता तर तो एकटा बंद पडला असता. फाल्कन कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातच चालतं, म्हणून अख्खं विंडोज कोसळलं. पाठवण्याआधी ही फाइल एका खऱ्या कॉम्प्युटरवर चालवली असती तरी कळलं असतं!

निस्तरलं कुणी? प्रत्येक कॉम्प्युटरसमोर बसून सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतं चालू करून, जाणाऱ्यांनी. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, असेल तर त्याआधी ते उघडायची ४८ आकड्यांची किल्ली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट फोनवरून सांगायचे, पलीकडचा "एक मिनिट, परत सांगा" म्हणाला की पुन्हा पहिल्यापासून. मग ती एक फाइल डिलीट करायची. आणि पुढचा कॉम्प्युटर.

डेल्टा एअरलाइन्सची सुमारे ७,००० विमानं रद्द झाली. त्यांनी ५० कोटी डॉलरचं नुकसान सांगून कोर्टात दावा लावला. बाकीच्या विमान कंपन्या लवकर सावरल्या, डेल्टाला क्रूचं वेळापत्रक लावायला दिवस लागले, तेवढा दोष डेल्टाचाच. पण क्राउडस्ट्राइकच्या वकिलांचं म्हणणं असं की करारानुसार आमची जबाबदारी फार तर काही दशलक्ष डॉलर. हे मला पटत नाही. ग्राहकाला थांबायची मुभा असेल आणि तरी त्याने अपडेट घेतलं असेल, तर ठीक, लावा मर्यादा. थांबायची मुभाच काढून घेतली असेल, तर त्या निर्णयाचा भार निर्णय घेणाऱ्यानेच उचलायला हवा.

२०१० मध्ये मॅकॅफी या अँटीव्हायरसच्या अपडेटने विंडोज एक्सपीची एक मूळ फाइलच व्हायरस ठरवली होती, तेव्हाही ऑफिसं अशीच ठप्प झाली होती. म्हणजे चौदा वर्षं हा धोका सगळ्यांना माहीत होता. क्राउडस्ट्राइकने आता अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठवायला सुरुवात केलीय, कधी घ्यायच्या ते ग्राहकाला ठरवता येतं. मग हे आधी का नाही केलं?

आमच्या अँटीव्हायरसचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. आमच्या परवानगीशिवाय आलेल्या फाइलीने काम थांबलं तर भरपाई कोण देणार, ते करारात लिहून द्या, असं मी विक्रेत्याला मेलवर विचारलंय. लेखी उत्तर आल्याशिवाय मी रिन्यूअलचे कागद सहीला पुढे पाठवणार नाही, हे साहेबांनाही सांगून ठेवलंय.