‘शिक्षा’ मराठीने बिघडवलेली नाही

साताऱ्यातील शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर फिरतो आहे. ‘शिक्षा’ म्हणजे मूळ संस्कृतात केवळ विद्या; इंग्रजी अमलातल्या छडीच्या शाळांमुळे मराठीत तिचा दंड झाला; हा अर्थ अन्य कोणत्याही भाषेत नाही; सबब ‘शिक्षण’ हा घडवलेला शब्द टाकून हिंदीप्रमाणे ‘शिक्षा’च म्हणावे, असा त्याचा आशय आहे.

अन्य कोणत्याही भाषेत नाही, हे लिहिणाऱ्याने शेजारच्या सांगली जिल्ह्यात जतपर्यंत जरी चौकशी केली असती, तरी तेथील कानडी बोलणाऱ्यांनी त्याला ‘शिक्षे’ म्हणजे दंड आणि शिकण्याला ‘शिक्षण’ असेच सांगितले असते. तेलुगू आणि मल्याळमही शिक्षेचा अर्थ दंड असाच करतात.

छडीचा मुद्दा तर समुद्रापलीकडे टिकत नाही. इंडोनेशियन भाषेत ‘सिक्सा’ म्हणजे यातना आणि ‘सिक्सा नराका’ म्हणजे नरकयातना; जावा बेटावर प्रदीर्घ सत्ता होती ती डचांची, आणि तिथले संस्कृत शब्द युरोपीय गलबते येण्याच्या कितीतरी शतके आधी पोहोचलेले होते. गंमत अशी की, त्याच शब्दाचा थाई भाषेत मात्र ‘अभ्यास, शिक्षण’ हा अर्थ राहिला.

मूळ अर्थाचाच आग्रह असेल, तर वेदांगांतील ‘शिक्षा’ हे उच्चारशास्त्र आहे. तैत्तिरीय उपनिषदाची शीक्षावल्ली वर्ण, स्वर, मात्रा यांपासून सुरू होते, आणि त्या अर्थाने आज हिंदीही हा शब्द वापरत नाही. शिवाय शिकवणे आणि दंडणे यांची जवळीक मराठीने निर्माण केलेली नाही. संस्कृत ‘शास्’ या एकाच धातूत दोन्ही अर्थ आहेत: त्यातून ‘शिष्य’ आणि ‘शास्त्र’ आले, तसाच थकलेल्या घरपट्टीवर आपण निमूटपणे भरतो त्या ‘शास्ती’चाही जन्म त्यातूनच झाला. बंगालीत ‘शिक्षा’ विद्येकडे राहिली, तर दंडासाठी हीच ‘शास्ति’ आहे. आपणही ‘चांगला धडा शिकवीन’ म्हणतो, तेव्हा हातात पाटी-पेन्सिल नसते.

राहिला ‘शिक्षण’. तो ‘शिक्ष्’ धातूपासूनच साधलेला संस्कृत शब्द आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कराड तालुक्यातील काले येथे संस्था काढली, तिचे नाव ‘रयत शिक्षण संस्था’ आहे. त्यात ‘शिक्षण’च्या जागी ‘शिक्षा’ घालून मजकूरकर्त्याने ते एकदा काल्याच्या पारावर वाचून दाखवावे.