गुलामांच्या आत्मकथांवर विश्वास का ठेवायचा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस आणि हॅरिएट जेकब्स यांच्या आत्मकथांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप असा : ही पुस्तकं गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या गोऱ्या मंडळींनी प्रचारासाठी लिहवून घेतली, त्यांवर हातही त्यांनीच फिरवला, म्हणून ती इतिहास म्हणून वाचू नयेत, मळेमालकांच्या वह्या, जाहिराती, कोर्टाचे कागद जास्त भरवशाचे. शिवाय मराठी वाचकाला याचं काय, असंही तुम्ही विचारलंत. त्याचं उत्तर छोटं आहे, ते नंतर देते. आधी पहिला मुद्दा.

तुमची शंका निराधार नाही. १८३६ साली रिचर्ड हिल्ड्रेथ या गोऱ्या लेखकाने गुलामाच्या तोंडून सांगितलेली एक कादंबरी स्वतःचं नाव न लावता छापली आणि अनेकांनी ती खरी आत्मकथा समजून वाचली. १८३८ मध्ये जेम्स विल्यम्स नावाच्या माणसाची हकिगत गुलामगिरीविरोधी संस्थेने प्रसिद्ध केली. त्यात सांगितलेली माणसं आमच्याकडे नाहीतच, असं अलाबामातून कळवण्यात आलं आणि संस्थेला त्याच वर्षी पुस्तकाची विक्री थांबवावी लागली. त्यामुळे गुलामगिरीतून निसटून आलेला माणूस बोलू लागला की पहिला प्रश्न येई : कशावरून?

डग्लसच्या वाट्याला हा प्रश्न फार विचित्र रीतीने आला. १८४१ पासून तो सभांमधून बोलू लागला आणि इतकं उत्तम बोलू लागला की हा कधी गुलाम होता यावरच लोकांचा विश्वास बसेना. चळवळीतले त्याचे हितचिंतकसुद्धा त्याला सुचवत, की बोलण्यात थोडी मळ्यावरची भाषा राहू दे. त्याने ते ऐकलं नाही. १८४५ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं आणि त्यात मेरीलँडमधल्या आपल्या मालकांची, मुकादमांची, गावांची खरी नावं घातली. एवढा पुरावा दिल्यावर तो स्वतःच उघडा पडला, कारण कायद्याने तो अजून थॉमस ऑल्डच्या घरची मालमत्ता होता. पुस्तक निघाल्यावर काही महिन्यांतच त्याला ब्रिटनला जावं लागलं. तिथल्या स्नेह्यांनी पैसे जमवून १८४६ साली त्याचं स्वातंत्र्य विकत घेतलं, तेव्हा कुठे तो निर्धास्तपणे परतू शकला.

तुम्ही म्हणता त्याप्रमाणे पुस्तकाला चळवळीतल्या दोन गोऱ्या पुढाऱ्यांची जोड आहे : विल्यम लॉइड गॅरिसनची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्सचं पत्र. पण काळ्या माणसाच्या शब्दाला गोऱ्या माणसाची साक्ष लागत होती म्हणून ती दोन्ही तिथे आहेत. त्यावरून पुस्तक त्यांनीच लिहिलं असं अनुमान काढणं मला अन्यायाचं वाटतं. याच मुद्द्यावर तेव्हा वादही झाला. डग्लसच्या मालकांना ओळखणाऱ्या थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने वर्तमानपत्रात लिहिलं, की फ्रेडरिक बेली (हे डग्लसचं मूळ नाव) नावाचा हा गुलाम मला ठाऊक आहे, तो अशिक्षित होता, हे पुस्तक त्याचं असूच शकत नाही. डग्लसने उत्तरात त्याचे आभार मानले. मी खरोखर तिथलाच गुलाम होतो, ही मालकांच्या बाजूची साक्ष त्याला या पत्रामुळे आयतीच मिळाली होती.

जेकब्सचं उलट झालं. तिने सगळी नावं बदलली, स्वतःचंही. १८६१ मध्ये बोस्टनला तिचं पुस्तक निघालं ते लिंडा ब्रेंट या नावाने. मालकाने केलेला छळ आणि त्यातून सुटण्यासाठी दुसऱ्या गोऱ्या पुरुषाशी ठेवलेला संबंध तिला त्यात सांगायचा होता. त्या काळच्या बाईला हे स्वतःच्या नावाने लिहिणं किती जड गेलं असेल! या नावबदलाची किंमत पुढे तिच्या पुस्तकाने भरली. शंभराहून अधिक वर्षं ते संपादिका लिडिया मारिया चाइल्डची कादंबरी मानलं गेलं. जॉन ब्लासिंगेम हा गुलामांच्या बाजूने इतिहास लिहिणारा कृष्णवर्णीय इतिहासकार, पण त्यानेही १९७२ मध्ये ते विश्वासार्ह नाही असंच म्हटलं. मग जीन फॅगन येलिन या संशोधिकेने रॉचेस्टर इथल्या संग्रहातली जेकब्सने मैत्रीण एमी पोस्ट हिला लिहिलेली पत्रं अभ्यासली, त्यांतली भाषा पुस्तकाशी ताडून पाहिली, पात्रांमागची खरी माणसं शोधली, पुस्तक जेकब्सचंच आहे हे दाखवून दिलं आणि १९८७ मध्ये सटीप आवृत्ती काढली.

चाइल्डचा हात किती, हेही कागदोपत्री आहे. तिने मजकुराचा क्रम लावला आणि गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठाव करणाऱ्या जॉन ब्राउनवरचं शेवटचं प्रकरण गाळायला सांगितलं. ते प्रकरण गेल्याचं मला वाईट वाटतं. पण भाषेत फारसं बदलायची गरज पडली नाही, असं तिनेच जेकब्सला कळवलेलं आहे.

आता तुमच्या भरवशाच्या कागदांकडे येते. जेकब्सचा मालक डॉ. जेम्स नॉरकॉम याने १८३५ साली नॉरफोकच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली : पळालेली मुलगी, वय २१, पकडून देणाऱ्यास १०० डॉलर. त्यात तो लिहितो, की कोणतंही ज्ञात कारण किंवा त्रास नसताना ती निघून गेली. ही जाहिरात म्हणजे अस्सल, छापील, तारखेचा कागद! आणि कारण नसताना पळालेली ही बाई तेव्हा कुठे होती? नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडेंटन गावातच ती लपली होती, आणि पुढे आजीच्या घराच्या छपराखाली ९ फूट लांब, ७ फूट रुंद आणि जास्तीत जास्त ३ फूट उंच अशा पोकळीत जवळपास ७ वर्षं राहिली. गिरमिटाने भिंतीला भोकं पाडून ती खाली खेळणारी आपली मुलं बघायची. न्यूयॉर्कहून आल्यासारखी पत्रं लिहून नॉरकॉमला चुकवायची. त्याच जाहिरातीत तो तिचं बोलणं सहज आणि अस्खलित आहे असंही नोंदवतो. म्हणजे तिच्या भाषेविषयीची साक्ष मालकानेच देऊन ठेवली आहे, आणि ती न वाचता पुढच्या लोकांनी हे पुस्तक तिला लिहिता आलं नसेल असं ठरवलं.

म्हणून मालकाचा कागद तटस्थ आणि गुलामाचा शब्द प्रचारकी, ही वाटणी मला मान्य नाही. दोन्ही तपासावे लागतात. डग्लसच्या पुस्तकात एक ठळक चूक आहे, तिचा उल्लेख तुम्ही केला नाहीत. म्हाताऱ्या आजीला एकटीला झोपडीत मरायला टाकल्याचा दोष त्याने थॉमस ऑल्डवर ठेवला होता. १८७७ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या ऑल्डला तो भेटायला गेला आणि हे आपलं चुकलं असं त्याने त्याला तोंडावर सांगितलं. पुढच्या आत्मकथेत ती भेट त्याने लिहूनही ठेवली. पळून कसा आलो, हेही त्याने पहिल्या पुस्तकात सांगितलं नव्हतं. त्या वाटेने मागून येणाऱ्यांचा मार्ग बंद होऊ नये म्हणून. गुलामगिरी संपल्यानंतर बऱ्याच वर्षांनी ते छापलं.

मराठी वाचकाला याचं काय? १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा अर्पणपत्रिकेत लिहिली. हे नातं मी जोडलेलं नाही, ते दीडशे वर्षांपूर्वीच जोडलं गेलं आहे.

जेकब्स वाचायला घ्याल तेव्हा येलिन यांचीच आवृत्ती घ्या. मूळ पत्रं तिच्यात आहेत, त्यामुळे चाइल्डने किती हात फिरवला याचा निवाडा तुम्हाला स्वतःच करता येईल. वाचून पटलं नाही, तरी नक्की लिहा.