काळा रंग अधिक काळा व्हावा म्हणून

नवा टीव्ही घरी आला म्हणजे निम्मंच काम झालं. खरी खरेदी पुढेच आहे. टीव्ही काय, कुणीही घेतो. रसिकाची पारख त्याच्या केबलवरून होते. टीव्हीबरोबर किंवा प्लेअरबरोबर चित्र आणि आवाज टीव्हीत नेणारी एक एचडीएमआय केबल आली असेल तर ती हातात घेऊन बघा. बारीक, काळी, अबोल. फुकट मिळालेल्या वस्तूवर विश्वास टाकणाऱ्यांपैकी तुम्ही नाही. तेव्हा ती ड्रॉवरमध्ये टाका आणि पैसे घेऊन बाहेर पडा.

दुकानात विक्रेता सांगेल, "साहेब, या केबलने काळा रंग अधिक काळा दिसतो." इथे मान डोलवायची. कसा दिसतो, हे विचारायचं नाही. विचारलंत तर बिचाऱ्याची पंचाईत होईल, कारण एचडीएमआयमधून चित्र जातं ते आकडे होऊन, एक आणि शून्य. स्वस्त केबलमधला शून्य महागड्या केबलमधल्या शून्याइतकाच रिकामा असतो. काळा रंग गडद करायचा तर त्या तांब्याच्या तारेला वाहत्या आकड्यांतून नेमके काळ्या पिक्सेलचे आकडे हुडकावे लागतील, ते बदलावे लागतील आणि कुणाला पत्ता न लागता जागच्या जागी ठेवावे लागतील. त्यात विकतचा सिनेमा असेल तर तो नक्कल होऊ नये म्हणून एचडीसीपी नावाच्या कुलपात बंद होऊन येतो. म्हणजे आधी कुलूप फोडा, आत रंग भरा, पुन्हा कुलूप लावा, आणि हे सगळं सेकंदाला साठ वेळा. एवढं करणारी तार खरंच मिळत असेल तर किमतीवरून घासाघीस करू नका.

घरात जुने जाणते कुणी असतील तर त्यांचाही सल्ला जरूर घ्या. "केबल चांगलीच हवी" असं ते ठामपणे सांगतील, आणि त्यांच्या काळापुरतं ते खरंही होतं. १९८७मध्ये आलेली संगणकाच्या पडद्याची व्हीजीए जोडणी काय किंवा जुन्या टीव्हीची ती पिवळी पिन काय, त्यांच्यातून चित्र जायचं ते विजेच्या चढ-उताराच्या रूपात. केबल लांब आणि सुमार असली की अक्षरांना सावल्या फुटायच्या, कडा विरघळायच्या, बाहेरची खरखर आत शिरायची. चांगल्या केबलने चित्र डोळ्यांदेखत सुधारायचं. एचडीएमआयचा पहिला आराखडा २००२मध्ये आला आणि तो व्यवहार संपला. जाहिरातीचा मजकूर मात्र जुनाच ठेवला, तो बदलायला फुकट खर्च कशाला?

एचडीएमआय केबल कमी पडली तर ती लपवत नाही. पडद्यावर पांढरे ठिपके चमचमतात, चित्र मध्येच काळं होऊन परत येतं, नाहीतर येतच नाही. रंग जरा फिके, चेहरे जरा मऊ, असला मधला प्रकार तिला जमत नाही. पण मित्राच्या घरी त्याची स्वस्त केबल दिसली की "जरा धूसर वाटतंय" एवढं म्हणायला विसरू नका. तो रात्रभर जागेल.

सोन्याचा मुलामा तर हवाच. चांदी आणि तांबं दोन्ही वीज सोन्यापेक्षा चांगली वाहतात, ही गोष्ट त्या वेळी आठवू नका. सोनं गंजत नाही म्हणून टोकांवर पातळसा थर देतात, आणि तो बऱ्याच साध्या केबलींवरही असतोच. पण खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापलेला असतो का? नसतो. मग त्याला काय अर्थ!

लेबल वाचण्याच्या भानगडीत मुळीच पडू नका. '२.१ची केबल द्या' एवढंच म्हणा. तो आकडा खरं तर उपकरणांसाठीच्या एचडीएमआय आराखड्याचा, केबलीचा नव्हे. केबलींना त्यांच्या जाती असतात. हाय स्पीड सेकंदाला १०.२ गिगाबिट नेते, प्रीमियम हाय स्पीड १८, अल्ट्रा हाय स्पीड ४८. शेवटच्या दोहोंच्या खोक्यावर स्कॅन करून तपासता येईल असं लेबल असतं. साध्या १०८०पी चित्राला सेकंदाला साठ फ्रेम धरून साडेचार गिगाबिटही लागत नाहीत, आणि ४के साठ फ्रेमचं पूर्ण रंगांचं चित्र १८मध्ये बसतं. हा हिशोब केलात की भलत्याच स्वस्तात सुटाल. त्यापेक्षा जुना सेट टॉप बॉक्स ४८ गिगाबिटच्या केबलने जोडा. केबलला आराम पडेल.

लांबी? दहा मीटर घ्या. टीव्हीपासून बॉक्स हातभर अंतरावर असला तरी घ्या, उरलेल्या केबलचं वेटोळं मागे कोंबता येतं. खरं तर केबलीत कुठे पैसा घालण्यात अर्थ असेल तर तो इथे. ४८ गिगाबिट नेताना साधी तांब्याची तार काही मीटरांतच दमते. त्यापुढे टोकांना चिप असलेली किंवा प्रकाशावर चालणारी केबल लागते, तिची दिशा ठरलेली असते, टीव्हीचं टोक टीव्हीलाच लावावं लागतं आणि ती स्वस्त नसते. पण ज्याने खरंच फरक पडतो त्याची बढाई कशी मारणार? तुम्ही आपली ती भिंतीत गाडा, प्लास्टर करा, रंग द्या आणि मग चालते का ते बघा. उलटी बसली असेल तर घराला नवा रंग मिळण्याचा योग दुसऱ्यांदा येतो.

चित्र लुकलुकलं तर लगेच आणखी महाग केबल आणा. मी आणली होती. तीन आणल्यावर कळलं की टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टचा पूर्ण वेग सुरूच केलेला नव्हता. ते बटण फुकट होतं, त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायचं सुचलंच नाही.

आणि एक. आपण खोलीबाहेर असताना घरच्यांना केबली अदलाबदल करायला सांगून आत येऊन ओळखायची, असला पोरखेळ कधीही करू नका. घरातली शांतता महत्त्वाची आहे.

ड्रॉवरमधली ती बारीक केबल मात्र फेकू नका. माझी तिसरी केबल विणीव वेष्टणाची, मनगटाएवढी जाड आणि चांगलीच वजनदार होती. तिच्या भाराने पोर्ट ओढला जाऊन वाकायला लागला, म्हणून ती काढली आणि दुसरी सोय होईपर्यंत ड्रॉवरमधली लावली. त्याला आता तीन वर्षं झाली.