आम्हाला पडवी पुरे

परवा आमच्या सायकल ग्रुपवर कोणीतरी एक थ्रीडी चित्र टाकलं. कोकणातल्या सागरी महामार्गावर सायकलवाल्यांसाठी 'इको थांबा'. जुना कंटेनर, समोर अख्खी काच, वर सोलर, भिंतीवर उभी बाग आणि दारात हेल्मेट घालून कॉफी पिणारी एक मुलगी, घामाचा थेंब नाही. खाली अंगठ्यांचा पाऊस. मी तेव्हा गप्प बसले, कारण सकाळची वेळ होती आणि डबे भरायचे होते. आता बोलते. पोस्ट लांबणार आहे.

मी आर्किटेक्ट नाही. बांधकामांची इस्टिमेटं काढते. त्यामुळे चित्र बघितलं की मला आधी बिल दिसतं. आणि मांडव्यापासून तेरेखोलपर्यंतचा किनारा मी तीन हप्त्यांत सायकलवर केलाय. किनारा म्हणजे सपाट रस्ता असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा यावंच. खाडीवर उतरायचं, फेरीबोटीत बसायचं, पलीकडे उतरलं की चढ. चढ संपला की सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार. सड्यावर झाड नाही, खालचा कातळ तापलेला. मग उतार आणि पुढची खाडी. दिघी, बागमांडला, दाभोळ, तवसाळ, दर ठिकाणी हेच.

अशाच एका जेटीवर (कुठल्या ते सांगत नाही, उगाच कुणाला तरी फोन जायचे) डिसेंबरात दुपारी दीडला माझी फेरी चुकली. समोर नवाकोरा निवारा. छत पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचं, बाक स्टीलचा. बसले आणि उठले. बाक पश्चिमेला तोंड करून, दुपारभर उन्हात. सायकल स्टँड असा, की त्यात पुढचं चाक अडकवायचं. डिस्क ब्रेकवाल्यांना कळेल, सायकल जरा कलली की चाकावरची ब्रेकची डिस्क वाकलीच म्हणून समजा. आणि संडासाला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे, ते लग्नाला गेलेले. पुरुषमंडळी करवंदीच्या जाळीमागे जाऊन आली. मी कुठे जाऊ?

तिथून दोनशे पावलांवर एक घर होतं. पडवीत एक आजी सुपारी सोलत बसलेल्या. मी विचारलं तर मान नुसती मागच्या बाजूला हलवली, जा म्हणून. मी निघाले तशी ओरडल्या, "अगो, ती खुरं काढ आधी! सकाळीच सारवलंय." माझ्या बुटांच्या क्लीटनी, म्हणजे पेडलला अडकवायला तळव्याला लावलेल्या कडक तुकड्यांनी, अंगणात चार खळगे पडले होते. बूट काढले. परत आल्यावर त्याच पडवीत पाठ टेकली आणि चाळीस मिनिटं मेल्यासारखी झोपले. बाहेर ऊन रणरणत होतं, आत पंखासुद्धा नव्हता.

ती पडवी का गार होती, हे मी मग इस्टिमेटवाल्या डोळ्यांनी बघितलं. कौलारू छप्पर पुढे इतकं खाली उतरलेलं, की आत जाताना वाकावं लागतं. म्हणजे तिरपं ऊनही भिंतीपर्यंत पोचत नाही. भिंत जांभ्याची, फूटभर तरी जाड. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, पाथरवट चिरा तासून काढतो, मग वाऱ्याने तो कडक होत जातो. भट्टी लागत नाही. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. जमीन कोब्याची, त्यावर क्लीट घसरत नाहीत. ग्रुपवरच्या चित्रात चकचकीत टाइल्स होत्या. त्यावर क्लीट घालून चालून दाखवा, मी व्हिडिओ काढते.

आणि तो कंटेनर! खाऱ्या वाऱ्यात लोखंड, वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस, समोर काच. उन्हात ती भट्टी होणार, म्हणून एसी बसवणार, आणि एसी चालवायला वरचं सोलर. आधी खड्डा खणायचा आणि मग तो भरायचा.

आता कोकणातली मंडळी म्हणतील, बाई, कौलं सांभाळून दाखव. बरोबर आहे. पावसाळ्याआधी शाकारणी करायला माणूस मिळत नाही आणि वांदर उड्या मारून कौलं फोडतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तर कौलंही गेली, पत्रेही गेले. लोकांनी पत्रे घातले ते हौसेने नव्हे. पण खाली पत्रा आणि वर कौल अशी छपरं आता खूप दिसतात. गळत नाही, पत्रा तापत नाही, एखादं कौल फुटलं तरी घर भिजत नाही. पत्रा मात्र नीट बांधून घ्या, वादळाची आठवण ठेवून. जांभ्याचंही सरसकट गोडवे गाणं नको. चिरेखाणींनी सडे पोखरलेत, आणि रत्नागिरीच्या याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. पण दर गावात एखादं जुनं घर पाडून स्लॅब पडतोच आहे. त्याचे चिरे, वासे, कौलं घ्या. तीन खणांच्या पडवीला कितीसे लागतात?

संडासावर मात्र पैसे खर्च करा. सगळ्यात जास्त तिथेच. किनाऱ्याला जमिनीतलं पाणी वरच असतं आणि विहीर परसात. सेप्टिक टँकचं पाणी वाळूत सोडलं की ते विहिरीत पोचायला वेळ लागत नाही. दोन खड्ड्यांचा संडास विहिरीपासून लांब, उंचावर घ्यावा. एक भरला की दुसरा चालू, पहिल्याचं दीड-दोन वर्षांत खत. न्हाणीचं पाणी अळवाला आणि केळीला, ते आजींच्या मागच्या दारी आधीपासून चालूच आहे. आणि आतून लागणारी कडी. हो, कडी! बायकांच्या लेखी अर्धा थांबा म्हणजे ती कडी.

बाकी मागणं थोडं आहे. हवा भरायचा पंप, दोन प्लग, पाण्याचा माठ, सायकल टेकवायला आडवा बांबू. सड्यावर तर तेवढंही नको, नुसती सावली आणि पाणी. तिथे चढ संपतो त्या वळणावर एसटीचे जांभ्याचे जुने निवारे कुठेकुठे उभे आहेत. ते पाडून पारदर्शक छत घालायची घाई कोणी करू नये, एवढंच.

जपानात ओनोमिची ते इमाबारी असा सत्तरेक किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, शिमानामी काइदो. बेटाबेटांवरून, पुलांवरून जातो, रस्त्यावर निळी रेघ काढलीय. तिथे 'सायकल ओएसिस' म्हणून जे थांबे आहेत ते बरेचसे आधीपासूनचीच दुकानं, घरं. बाहेर पाटी लावतात, पाणी देतात, पंप देतात, संडास वापरू देतात. इमारत आधीपासून उभी, माणूस आधीपासून राहता. आपल्याकडे खाड्यांवर पूल होऊ घातलेत. पूल झाले की जेटीवर कोण थांबणार? तिथले स्टीलचे निवारे ओस पडतील. आजींची पडवी तेव्हाही वापरात असेल, सायकलवाले आले नाहीत तर सुपारी वाळत पडेल.

एक गोष्ट माझ्या इस्टिमेटात अजून बसत नाहीये. निघताना मी पैसे विचारले. सोलकढीचे वीस रुपये आजींनी घेतले. संडासाचे म्हटलं तर एवढ्या रागावल्या, की मी पाकीट खिशात घातलं. आता रोज पंधरा-वीस सायकलवाले त्या घरी थांबले तर पाणी कोण शेंदणार, संडास कोण धुणार, आणि ज्या बाईला त्याचे पैसे मागायची लाज वाटते तिच्यापर्यंत ते पोचवायचे कसे? ग्रामपंचायतीने महिन्याला द्यायचे, का आमच्यासारख्या ग्रुपांनी मोसमाचे एकरकमी? ज्यांनी होमस्टे चालवलाय किंवा पंचायतीत काम केलंय त्यांनी कमेंटमध्ये सांगा. चित्रं टाकू नका.