गव्हर्नरांची बदली

शॉर्टवेव्ह रेडिओचा नाद असलेल्यांना हिल्वरसम हे नाव नक्की आठवेल. रेडिओ नेदरलँडचं गाव. आमच्या काकांनी तिथे पाठवलेल्या पत्राच्या उत्तरादाखल आलेलं कार्ड वेंगुर्ल्याच्या घरात ओटीवरच्या भिंतीला बरीच वर्षं होतं. परवा सहज म्हणून त्या गावाच्या महापौरांची यादी चाळत होतो आणि एका नावाशी थांबलो. पीटर योहानेस प्लातेल. हिल्वरसमला येण्याआधी हे गृहस्थ होते डच न्यू गिनीचे शेवटचे गव्हर्नर, १९५८ ते १९६२.

म्हणजे आजच्या पश्चिम पापुआचे. नेदरलँड्सच्या जवळजवळ दहापट मोठा मुलूख, आणि त्यानंतर लाखभर वस्तीच्या एका गावाची खुर्ची. यादीत दोन्ही पदं एकाखाली एक अशी बसलीत, जणू साताऱ्याहून सांगलीला बदली झाली. ते वाचल्यापासून मला चैन नाही.

१९४९ मध्ये डचांनी इंडोनेशिया सोडला, पण न्यू गिनीचा पश्चिम भाग स्वतःकडे ठेवला. तिथले पापुआ लोक वेगळे आहेत, त्यांना स्वराज्यासाठी तयार करायचंय, असं कारण दिलं. त्यात स्वार्थ होताच. तरीही प्लातेल यांच्या काळात खरंच काही घडलं, हे नाकारणं अन्यायाचं होईल. ५ एप्रिल १९६१ ला राजधानी हॉलंडियात न्यू गिनी कौन्सिल, म्हणजे तिथलं प्रतिनिधिमंडळ, बसली. २८ सदस्य, त्यातले १६ निवडून आलेले, आणि बहुसंख्य पापुआ. १ डिसेंबरला डच झेंड्याशेजारी पापुआंचा ‘पहाटतारा’ झेंडा अधिकृतपणे चढला. सरकारी परवानगीने, सरकारी समारंभात. ज्यांनी तो मान वर करून पाहिला, त्यांना ते वचनच वाटलं असणार. मलाही वाटलं असतं.

त्यानंतर अठरा दिवसांनी इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी योग्याकार्ताहून हा प्रदेश घेण्याचा हुकूम सोडला. तारीख १९ डिसेंबर १९६१. आम्हा सिंधुदुर्ग-गोव्याकडच्या माणसांना ही तारीख दुसऱ्या कशासाठी सांगावी लागत नाही. त्याच दिवशी वास्कोत पोर्तुगीज गव्हर्नर व्हासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम शेवटपर्यंत लढण्याचा होता. त्यांनी तो मानला नाही, माणसं वाचवली, आणि १९६३ मध्ये त्यांना सैन्यातून बडतर्फ केलं गेलं. १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांचं पद परत मिळालं.

त्या मानाने डच राज्य आपल्या माणसाशी फार सभ्यपणे वागलं, आणि ते बरोबरच होतं असं मी म्हणेन. वसाहत गेल्याचं खापर अधिकाऱ्यावर फोडू नये. शिवाय तिकडचा महापौर आपल्यासारखा नसतो. तो लोकांच्या मतांनी निवडला जात नाही. सहा वर्षांसाठी राजमुकुटाच्या नावाने नेमला जातो. आपले महापौर आणि आयुक्त एकाच खुर्चीत बसवा, वर कायदा-सुव्यवस्थेची जबाबदारी द्या, मग अंदाज येईल. वसाहतीतून परतलेल्या कारभाऱ्यांना अशी खुर्ची आयतीच जमायची. प्लातेल यांना तर कचेरीही देखणी मिळाली. वास्तुकार दुडोक यांनी बांधलेलं, १९३१ मध्ये पुरं झालेलं ते पिवळ्या विटांचं नगरभवन जगभरच्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतं.

माझं दुखणं वेगळं आहे. गव्हर्नरांची बदली झाली, त्यांच्या शब्दाची झाली नाही.

१९६२ च्या एप्रिलमध्ये केनेडींनी डच पंतप्रधानांना पत्र लिहून हा प्रदेश सोडायला सुचवलं. इंडोनेशिया रशियाच्या पुरता कह्यात जाईल ही अमेरिकेला भीती. १५ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये करार झाला. सह्या डच आणि इंडोनेशियन, पापुआंची एकही नाही. सप्टेंबरअखेर प्लातेल यांनी बेट सोडलं, १ ऑक्टोबरला कारभार संयुक्त राष्ट्रांकडे, १ मे १९६३ ला इंडोनेशियाकडे. (करारासोबत झालेल्या डच-इंडोनेशियन युद्धबंदीवर देखरेख करणाऱ्या निरीक्षकांचे प्रमुख आपले ब्रिगेडियर इंदरजित रिखी होते, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?)

करारात लोकांचा कौल घेण्याचं कलम होतं. १९६९ मध्ये तो ‘कौल’ झाला तो असा : सुमारे आठ लाख लोकवस्तीतून हजाराच्या आसपास प्रतिनिधी इंडोनेशियाच्या देखरेखीखाली निवडले, त्यांना गोळा केलं, आणि सगळ्यांनी एकमुखाने इंडोनेशियाच्या बाजूने मत दिलं. एकमुखाने! ग्रामपंचायतीच्या साध्या ठरावालाही आमच्याकडे दोन हात विरोधात वर होतात.

मी प्लातेल यांना खलनायक करत नाही. हेगमध्ये डच सरकारचे निर्णय होत होते, ते राबवत होते. पण राज्याला आपल्या अधिकाऱ्याच्या पुढच्या नेमणुकीची काळजी घेता आली, त्याच राज्याला कौन्सिलात बसलेल्या त्या माणसांची घेता आली नाही, हे मी सहज पचवू शकत नाही. वसाहतवाल्यांच्या कारकिर्दी लिहिताना पुढचं पद लिहितात. मागे उरलेल्यांचं पुढे काय झालं, तेही त्याच पानावर लिहायला हवं.

म्हणून एक नाव मी इथे लिहितो. फिलेप कार्मा. हेही सरकारी नोकरच, इंडोनेशियन सरकारचे. १ डिसेंबर २००४ ला त्यांनी तोच पहाटतारा झेंडा उभारण्याच्या कार्यक्रमाचं नेतृत्व केलं. शिक्षा १५ वर्षं. २०१५ मध्ये सुटले, आणि १ नोव्हेंबर २०२२ ला जयपुराच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा मृतदेह सापडला. जयपुरा म्हणजे जुनं हॉलंडिया, जिथे १९६१ मध्ये गव्हर्नरसाहेबांच्या राजवटीत तो झेंडा पहिल्यांदा चढला होता.